शेवटच्या दोन फेऱ्या

बुडापेस्ट, २ जानेवारी, शुक्रवार

नव्या वर्षाचा पहिला घास मसुराचा घेतला की वर्ष भरभराटीचं जातं असं आई म्हणते, म्हणून काल तिच्याकडे दोन वाट्या मसूर खाल्ले. भरभराट आज सकाळीच हजर झाली. सराव सुरू व्हायच्या आधी आमचे प्रशिक्षक लोरीकाका यांनी कठड्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, "एनिको, रिलेत यंदा तू एक नंबरला. दोनला दालमा जाईल."

सहा वर्षं दोन नंबरला मी आहे. बर्फावरच्या स्केटिंगमध्ये चार जणींच्या रिलेत धक्के सगळ्याच देतात आणि सगळ्याच घेतात, पण शेवटच्या दोन फेऱ्या एकटीने मारायच्या असतात आणि त्या दोन नंबरच्या. रेषा ती ओलांडते, फोटो तिचा निघतो. एक नंबरचं काम त्याआधीचं. वळणातून सुसाट यायचं, समोर ओणवी झालेल्या दोन नंबरच्या कमरेवर दोन्ही हात टेकायचे, अंगात असेल नसेल तो सगळा वेग तिच्यात ढकलायचा आणि बाजूला व्हायचं. लग्नात करवलीचासुद्धा फोटो निघतो, हिचा निघत नाही.

"का?" मी विचारलं.

"तुझ्यासारखा धक्का अख्ख्या युरोपात कुणाचा नाही, बाई."

बैलाची स्तुती करतात ती अशीच. मी "बरं" म्हटलं आणि हेल्मेट चढवलं.

दालमा माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. पहिल्या शिबिरात तिच्या बुटांच्या नाड्या मी बांधून दिल्या होत्या. कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्याशी मी बोलत नाही. डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेत वळणावर ती आतून घुसली आणि मी पडले. पंचांनी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली आणि म्हणाले, स्पर्शच झालेला नाही. कॅमेरा चुकीच्या बाजूला असणार. नंतर ती हात पुढे करून आली होती. मी हातमोजा काढलाच नाही.

युरोपियन अजिंक्यपद यंदा आपल्याच देशात, देब्रेत्सेनला आहे. ती माझी शेवटची स्पर्धा, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. मनात होतं की घरच्या लोकांसमोर शेवटची रेषा ओलांडायची आणि बूट खुंटीला टांगायचे. आता टांगायचे तेवढे राहिले.


५ जानेवारी, सोमवार

सरावानंतर काकांनी सगळ्यांच्या वेळा मोठ्याने वाचल्या. माझं नाव आलं तेव्हा त्यांना खोकला आला. मागून विचारलं तर म्हणाले, "तुझ्या वेळी घड्याळ दाबायचं राहून गेलं बघ."

एवढी वर्षं शिकवणारा माणूस घड्याळ दाबायला विसरतो! वय झालं. बर्फही आज मऊ होता, निदान माझ्या वेळेला तरी.


७ जानेवारी, बुधवार

हातमोजे विसरले म्हणून जेवणानंतर परत रिंकवर गेले. काकांच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि आत दालमाचा आवाज चढलेला.

"नाहीतर मीही उतरणार नाही. सांगून ठेवते."

"हा हट्ट झाला, दालमा."

"होऊ दे हट्ट."

मला पाहिल्यावर तिचा चेहरा लाल झाला. माझ्या बाजूने अंग चोरून निघून गेली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "किती ऐकलंस?"

"पुरेसं," मी म्हटलं.

आता सगळा उलगडा झाला. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे पोरीला बरोबर ठाऊक आहे. शेवटच्या फेऱ्या मला द्या, नाहीतर घरच्या स्पर्धेत उतरत नाही! मग काका बिचारे काय करणार? मला त्यांचा राग आला होता तो थोडा उतरला. तो सगळा तिच्या खात्यावर चढवला.


९ जानेवारी, शुक्रवार

आमचे पाय चोळते ती मार्गितमावशी पाय चोळता चोळता कानही भरते. आज माझ्या पोटऱ्यांवर वाकून म्हणाली, "पोरी, असं तोंड करून हिंडू नकोस. संघात राहिलीस हेच..." आणि थांबली.

"हेच काय?"

"हेच तेल संपलं बघ," म्हणाली आणि बाटली आणायला गेली. बाटली अर्धी भरलेली समोरच होती.

या संघात सगळेच म्हातारे होत चालले आहेत.

दुपारी फक्त धक्क्यांचा सराव. दालमा ओणवी होते ती इतकी खाली, की गुडघे छातीला लागतात. हात मांड्यांवर, पाठ सपाट. मला तिची पाठ आता तिच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची झाली आहे. डाव्या खांद्याच्या खाली शिवणीचा एक दोरा सुटला आहे. कात्री होती माझ्याकडे. कापला नाही.

मला वाटलं होतं अर्धाच जोर लावावा. कुणाला कळणार आहे? पण वळणातून बाहेर पडलं आणि समोर कंबर आली की हात आपोआप पुढे जातात आणि जायचे तेवढ्या जोरात जातात. हातांना रुसवे कळत नाहीत. ती सुटली ती अशी सुटली, की कठड्यावर रेललेल्या काकांनी शिट्टी मारली. शिट्टी कुणासाठी होती ते त्यांनाच माहीत.


देब्रेत्सेन, १४ जानेवारी, बुधवार

आगगाडीत खिडकीबाहेर सपाट माळ आणि त्यावर राखाडी आभाळ. बोगी आणि तिची बहीण पेत्रा, म्हणजे आमच्या रिलेतल्या तीन आणि चार नंबर, पत्ते खेळत होत्या. राखीव म्हणून आलेली किंचो कानात गाणी घालून झोपली होती.

हॉटेलात खोल्यांची वाटणी काकांनी केली आणि मला दिली दालमा. मी म्हटलं, "काका, मुद्दाम?"

"खोल्या कमी आहेत," काका म्हणाले. बोगी, पेत्रा आणि किंचो तीन वेगवेगळ्या खोल्यांत आहेत, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी मी खोलीत आले तर माझ्या उशीवर चॉकलेटात बुडवलेली पनीरची वडी. माझी आवडती, निळ्या कागदातली. दालमा न्हाणीघरात होती. भारीच विसरभोळी आहे, आपलं खाणं दुसऱ्याच्या उशीवर टाकते. मी उचलून तिच्या बाजूच्या टेबलावर ठेवून दिली. ती बाहेर आली, वडीकडे बघितलं, दिवा मालवला.


१५ जानेवारी, गुरुवार

आज लोरांत नावाच्या सगळ्यांचा नामदिन, नावाचा वाढदिवसच, म्हणजे लोरीकाकांचा. मावशीने घरून चीज घातलेल्या पोगाच्या, म्हणजे छोटे खारे पाव, करून आणल्या होत्या. काकांनी दोन खाल्ल्या आणि भाषण केलं.

"पोरींनो, मला भेटवस्तू नको. रविवारी अंतिम फेरीत चार संघ असतील. त्यातला एक आपला हवा. बाकी तुमची भांडणं, रुसवेफुगवे, प्रेमं सोमवारनंतर."

"आणि प्रेमं आजच असतील तर?" बोगीने विचारलं.

"तर त्याला सांग, तिकीट काढून बघायला ये."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि चुकून दालमाकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती. दोघींनी एकदम पोगाच्यात तोंड घातलं.


१६ जानेवारी, शुक्रवार

माझी पंधराशे मीटरची शर्यत पहिल्याच पात्रता फेरीत आटोपली. शेवटून दुसरी. किंचो पुढच्या फेरीत गेली, पण तिच्या गटाच्या आधी वळणांवर पाणी ओतून बर्फ नवा केला होता. माझ्या वेळी नुसत्या खाचा.

आईचा फोन आला. म्हणाली, "अगं, पोलिश मुलगी तुझ्या बाजूने कशी गं भुर्रकन गेली?"

"बर्फ, आई."

"हो का? तिला नव्हता का बर्फ?"

आईला या खेळातलं काही कळत नाही.

दालमा हजार मीटरच्या अंतिम फेरीत पोचली. तिच्या गटाच्या वेळी माझी मूठ आवळलेली होती, हे मला नखं रुतल्यावर कळलं.


१७ जानेवारी, शनिवार

आज रिलेची उपांत्य फेरी होती. जे झालं ते लिहून काढते.

पहिले दोन संघ अंतिम फेरीत जाणार. आम्ही सुरुवातीपासून पुढे होतो. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्याची बंदूक वाजली तेव्हा बर्फावर मी होते, पहिल्या क्रमांकावर, मागे इटलीची मुलगी. अख्खं स्टेडियम आमच्या देशाच्या नावाने ओरडत होतं. आणखी एक फेरी, मग धक्का, मग दालमा.

मी वळणातून बाहेर आले. आणि बाहेरच्या अंगाने पुढे निघून गेले. धक्का दिलाच नाही. शेवटच्या दोन फेऱ्या मीच मारल्या.

पहिली बरी गेली. दुसरीत मांड्या पेटल्या. इटलीची मुलगी आतून पुढे गेली, मग कुणाचं तरी पातं माझ्या पात्याशी वाजायला लागलं आणि रेषेवर मी पाय पुढे फेकला. जराशा फरकाने दुसरी आले. आलो अंतिम फेरीत. तेच पाहिजे होतं ना? पण आपल्या चौघींपैकी कुणी टाळी दिली नाही. बोगी म्हणाली, "बाई गं," एवढंच.

कपडे बदलायच्या खोलीत काका आले. मफलर हाताभोवती गुंडाळत होते, सोडत होते. माझ्याकडे बघितलंच नाही. दालमासमोर उभे राहिले. "कुठे होतीस तू?"

मी बुटाची नाडी सोडत होते. गाठ सुटेना.

दालमा म्हणाली, "मला पोचायला उशीर झाला, काका. चूक माझी. तिने सावरलं म्हणून."

पेत्राने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. काका म्हणाले, "किंचो, उद्या सकाळी तूही पाती लावून तयार राहा," आणि गेले.

मी खोटं बोलले नाही. मला कुणी विचारलंच नाही.

पण इथे लिहायला काय हरकत आहे? तिला उशीर झाला नव्हता. ती जागेवर होती, गुडघे छातीशी, पाठ सपाट. मी बाजूने जाताना तिने मान वर केली ती मला दिसली. रिलेत इतकी वर्षं काढल्यावर धक्का द्यायचा विसर पडत नाही. स्टेडियम ओरडत होतं आणि मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. तेवढंच. एका वळणाएवढा वेळ मला ते खरं वाटलं.

आणि ती का खोटं बोलली? शेवटच्या फेऱ्या हव्या होत्या म्हणून काकांना धमकी देणारी पोरगी, तिच्या हातात आयती संधी आली होती. एक वाक्य बोलली असती तर मी उद्या कठड्याबाहेर होते. मला ही मुलगी कळत नाही.

लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही. ती शेजारच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. झोपलेली नाही. झोपल्यावर ती तोंडाने श्वास घेते, हे मला माहीत आहे.


१८ जानेवारी, रविवार

नाश्त्याआधी काकांच्या खोलीचं दार वाजवलं. अर्धी दाढी झालेली, गालावर फेस.

"काका, ती उशिरा आली नव्हती."

"माहीत आहे. मला डोळे आहेत."

"मग किंचोला घ्या. मी बाहेर बसते."

काकांनी टॉवेलने फेस पुसला, न दाढी केलेल्या बाजूचासुद्धा. "घेणार होतो," म्हणाले. "दोनदा घेणार होतो. जा, अंग गरम कर."

दोनदा का म्हणाले, कळलं नाही. कालचं एकदा कळतं. दुसरं कधीचं?

अंतिम फेरीत हॉलंड, इटली, फ्रान्स आणि आपण. शर्यत सुरू झाल्यावर विचार करायला वेळ नसतो, ते एक बरं असतं. बोगी एकदा घसरता घसरता सावरली. आम्ही चौथ्या, मग तिसऱ्या, मग पुन्हा चौथ्या. बंदूक वाजली तेव्हा पेत्राने मला ढकललं आणि मी एका वळणावर फ्रान्सच्या मुलीला बाहेरून गाठलं. खांद्याला खांदा. ती आत, मी बाहेर. फुफ्फुसात काही उरलं नव्हतं.

समोर दालमा आली. तिने एकदा मागे वळून बघितलं, माझा वेग जोखला आणि ओणवी झाली. दुसऱ्यांदा बघितलं नाही. काल मी तिला तशीच सोडून गेले होते, तरी बघितलं नाही. तिच्या जागी मी असते तर चार वेळा बघितलं असतं.

फ्रान्सची मुलगी माझ्या डाव्या अंगाला चिकटलेली होती. मी हात पुढे घातले आणि ढकललं. आतापर्यंत दिलेल्या आणि न दिलेल्या सगळ्या धक्क्यांचं मिळून ढकललं. माझे पाय जागेवर राहिले आणि मी पुढे गेले, म्हणजे तोंडावर पडले, आणि घसरत जाऊन कडेच्या गादीत डोकं खुपसलं.

पुढचं मला दिसलं नाही. गादी निळी होती, एवढं दिसलं. आवाज मात्र ऐकला. आधी नेहमीचा आरडाओरडा, मग एकदम असा आवाज की गादी हलली. मग आणखी एकदा. मला वर बघायची हिंमत झाली नाही. बोगीने काखेत हात घालून उभी केली. रडत होती. "दुसऱ्या! अगं दुसऱ्या आलो! इटलीला शेवटच्या वळणावर खाल्लं तिने!"

व्यासपीठावर दालमा माझ्या शेजारी होती. आम्ही बोललो नाही, मिठीही मारली नाही. पण जागा कमी होती आणि तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता. राष्ट्रगीत संपलं तरी तो तिने काढला नाही आणि मीही काढला नाही.

आईचा फोन: "टीव्हीवर सारखी ती दालमाच दाखवतात. तू पडलीस तेवढी दिसलीस."

"लागलं नाही मला, आई."

"लागायला हवं होतं असं म्हणतच नाहीये मी. रौप्यपदक कुठे ठेवणार आहेस?"

उद्या काकांना सांगायचं, की हे शेवटचं होतं. बूट पिशवीच्या तळाशी घातले. वर टॉवेल ठेवला.


१९ जानेवारी, सोमवार

गाडीला अवकाश होता म्हणून सकाळी मावशीकडे गेले. पडल्यामुळे मान धरली होती. दालमा आधीच टेबलावर पालथी पडलेली. मी परत फिरणार होते, तेवढ्यात मावशी ओरडली, "आणि हे काय गं? कुणी बडवलं तुला?"

"एनिकोने," दालमा म्हणाली. तोंड टेबलाच्या भोकात होतं, आवाज खालून आला. डिसेंबरानंतर तिच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मावशीने मला मनगटाला धरून ओढलं. "बघ, बघ आपले प्रताप."

कमरेच्या उजव्या बाजूला अख्खा तळवा उमटला होता, जांभळा, बोटांसकट. डावीकडे मात्र नुसते पाच गोल ठिपके. वळणावर बर्फाला टेकायला डाव्या हातमोज्याच्या बोटांना कडक टोप्या असतात, त्यांचे. तळवा नव्हताच.

"दुखतंय?" मी विचारलं. एवढ्या आठवड्यांनी बोलायला हाच शब्द सापडला.

"खूप."

मावशी तेल चोळत राहिली. दोघींपैकी कुणी जास्त काही बोललं तर तिला तेवढंच पाहिजे होतं, म्हणून कान टवकारून होती. मग दालमाने डोकं वर काढलं. भोकाच्या कडेने तिच्या कपाळावर गोल वळ उठला होता, त्याने ती अगदी लहान दिसत होती.

"डावा हात पूर्ण बसला नाही," ती म्हणाली. "फ्रान्सवाली मध्ये होती ना? पुढच्या वर्षी एक पाऊल आणखी बाहेरून ये, म्हणजे बसेल."

पुढच्या वर्षी. मी खिडकीकडे बघितलं, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय? ये," म्हणाली आणि पुन्हा भोकात तोंड घातलं.

मान न चोळताच मी बाहेर आले आणि जिन्यात बसून थोडी रडले. आता गाडीत लिहिते आहे. काका समोरच्या बाकावर पेंगत आहेत. त्यांना सांगायचं होतं ते अजून सांगितलेलं नाही.

डावा हात खरंच बसला नव्हता. ढकलताना मला कळलं होतं, पण ते मी काल इथे लिहिलं नाही, आणि मी सांगितल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. पंचांना नाही, काकांना नाही, टीव्हीवाल्यांना तर नाहीच. तिला कळलं.